उंबऱ्याला आडवे अंथरूण

आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घरात आजीचे अंथरूण उंबऱ्याला आडवे पडत असे. मधल्या खोलीत आम्ही पाच मुली ओळीने झोपत असू, आणि शेवटचा दिवा मालवला की आजी आपली वाकळ दाराच्या तोंडाशी अशी अंथरी की आत यायचे किंवा बाहेर जायचे तर तिला ओलांडूनच जावे लागावे. उन्हाळ्यात आम्ही सगळ्या माळवदावर झोपायला जात असू, तेव्हा ती जिन्याच्या वरच्या पायरीपाशी आडवी होई. आजीला वारा लागतो, आजीला रात्री उठावे लागते, आजीची नातींवर माया फार, अशी त्याची कारणे आम्ही आमच्यापुरती लावून घेतली होती. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि मुलांना ‘माझी आजी’ हा निबंध देताना नमुन्यादाखल त्या अंथरुणाचे वर्णन स्वतः फळ्यावर लिहीत असे. ते अंथरूण कोणासाठी आडवे होते, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले.

२०२२ च्या हिवाळ्यात माझे थोरले चुलते वारले. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणत असू. नव्वदीला टेकलेले, गावातल्या हरिनाम सप्ताहाचे जुने मानकरी, बांधावरची भांडणे मिटवणारे, दुष्काळात स्वतःच्या बळदातली ज्वारी शेजाऱ्यांना दिलेले आणि परत न मागितलेले. तेरवीला पंचक्रोशीतून माणसे आली. ओसरीवर हार घातलेला फोटो होता आणि आलेला प्रत्येक जण फूल वाहून टेकत होता. माझी मावसबहीण, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी, सकाळच्या पहिल्या एसटीने आली, परसातल्या लिंबाखाली बसून राहिली, फोटोपाशी गेली नाही आणि पंगतीलाही बसली नाही. तिचा उपवास असेल, असे बायकांनी धरले. रात्री आम्ही दोघी शेजारी आडव्या झालो तेव्हा मी तिला विचारले, तर ती वर बघत म्हणाली, ‘‘जेवायला आले नव्हते. तो खरंच गेला का, ते बघायला आले होते.’’

त्या वाक्याचा अर्थ मला लगेच लागला नाही. कानाला आधी खटकला तो त्यातला ‘तो’. आमच्या घरात तात्यांविषयी कोणी एकेरीत बोललेले मी जन्मात ऐकले नव्हते. मराठीत वडीलधाऱ्याविषयी बोलायचे तर क्रियापदसुद्धा अदबीने येते: ते आले, ते म्हणाले, त्यांनी दिले. मूल बोलायला लागते तेव्हाच ही अदब त्याच्या जिभेवर बसवली जाते, आणि पुढे त्याच माणसाविषयी काही वेगळे सांगायची वेळ आली तर त्या मुलाला आधी आपले व्याकरण मोडावे लागते. ‘त्यांनी मला त्रास दिला’ हे वाक्य नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून निघाले, तरी त्यातल्या ‘त्यांनी’मुळेच ऐकणाऱ्याला ते अर्धे खोटे वाटते. माझ्या बहिणीला तो ‘तो’ उच्चारायला पन्नास वर्षे लागली. मीही इथून पुढे त्या माणसाविषयी आदरार्थी लिहिणार नाही.

हे लिहायला तिची परवानगी आहे. तिच्या अटी दोन: गावाचे नाव यायचे नाही, आणि काय काय झाले ते लिहायचे नाही. दुसरी अट तिने घातली नसती तरी मी पाळली असती, कारण तिने मला तपशील सांगितले नाहीत आणि मीही विचारले नाहीत.

१९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. विहिरींनी तळ गाठला, जनावरे मातीमोलाने गेली, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली, आणि चार-दोन एकरांचे धनी असलेले शेतकरीही दुष्काळी कामांवर खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती उचलायला गेले. माझी मावशी आणि तिचे यजमान असेच घराला कुलूप लावून कामावर गेले. तिथे खायला सुकडी मिळे, पण राहायला पालच होते. म्हणून नऊ वर्षांच्या लेकीला त्यांनी आमच्याकडे ठेवले. आमच्या बळदात धान्य होते, घर माणसांनी भरलेले होते. पोर सुखात राहील असे सगळ्यांना वाटले, आणि तसे वाटण्यात वरवर चुकीचे काहीच नव्हते. मात्र मधल्या खोलीत आमची पाच अंथरुणे लागली की जागा उरत नसे. तिला बळदाच्या खोलीत झोपवत. ‘‘एक रात्र नव्हं गं,’’ ती म्हणाली, ‘‘दुष्काळ हटेपर्यंत.’’

तिने कोणाला सांगितले नाही, असे नाही. तिने सांगितले होते, आणि ते मी स्वतः ऐकलेले आहे. चुलीपाशी बसलेल्या माझ्या आईला ती रोज म्हणे, ‘‘मावशे, मला आईकडं जाऊ दे. मी खडी फोडीन.’’ दुष्काळाच्या साली, पोटभर भाकरी मिळणाऱ्या घरातली नऊ वर्षांची पोर उन्हातान्हात खडी फोडायला जाऊ द्या म्हणून मागे लागते, आणि घरातली आठ-दहा मोठी माणसे ते ऐकतात. सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ काढला: पोरीला आईची किती ओढ आहे! शेजारच्या बायकांपुढे तिचे कौतुकही झाले. मी अकरा वर्षांची होते. आपल्या घरात राहायला कोणी नको म्हणते याचा मला राग आला होता, आणि दोन दिवस मी तिच्याशी अबोला धरला होता, हे मला अजून आठवते.

तेरवीच्या त्या रात्रीनंतर माझे जुने घर माझ्यापुरते पुन्हा नव्याने उभे राहिले. साध्या वाटलेल्या एकेक गोष्टीला दुसरे कारण दिसू लागले. शेतात तात्याची न्याहारी घेऊन एकट्या मुलीला कधीच पाठवले जात नसे. नेहमी दोघी जायच्या, किंवा गड्याचा पोरगा जायचा. तो ढाळजेत एकटा बसलेला असला की पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवून परत यायचे, हातात द्यायचा नाही, हा घरातल्या मुलींना घालून दिलेला नियम होता. काकू न्हाणीबाहेर राखण करीत बसत. आम्हा पाच जणींत दोघी तात्याच्या स्वतःच्या मुली होत्या, आणि आजीचे अंथरूण त्यांच्यासाठीही आडवे होते. म्हणजे घरातल्या बायकांना ठाऊक होते. कोणी कोणाला बोलून दाखवले नव्हते, त्याला नाव दिले नव्हते, पण कोण कुठे झोपणार, कोण कोणाबरोबर जाणार, तांब्या कुठे ठेवला जाणार, अशा शंभर बारीक बारीक व्यवस्थांतून ते ज्ञान सासूकडून सुनेकडे जात होते. त्याला मी बंदोबस्त म्हणते, कारण दुसरा शब्द मला सुचत नाही.

आजीला मी आज दोष देऊ शकत नाही, आणि पूर्ण सोडूही शकत नाही. ती तरुणपणी विधवा झालेली, थोरल्या मुलाच्या हाताकडे बघून जगणारी बाई होती. जमीन त्याच्या नावावर होती, दोन मुलींची सोयरीक व्हायची होती, आणि ‘आपलेच दात आणि आपलेच ओठ’ ही म्हण तिच्यापाशी निव्वळ म्हण नव्हती, ती तिची रोजची परिस्थिती होती. तिच्या हाती होते तेवढे, म्हणजे स्वतःचे अंग, तिने दारात आडवे टाकले. त्यामुळे आम्ही पाच जणी वाचलो, हे मला नाकारता येत नाही. पण न बोलता केलेल्या बंदोबस्ताचा दोष असा की तो ज्यांना माहीत असतो त्यांच्यापुरताच पुरतो. पाहुणी म्हणून आलेल्या पोरीला तो कोणी शिकवला नाही, कारण शिकवायचे तर बोलावे लागले असते. तिच्या आईलाही सांगितले नाही, कारण ती सुनेच्या माहेरची. घरातली गोष्ट माहेरी गेली असती. मोकळ्या राहिलेल्या एका खोलीत एक मूल होते, आणि तो बंदोबस्त टाळून जाणारा माणूस त्या खोलीपर्यंत पोचला.

आमच्याकडची वर्तमानपत्रे अशा बातम्या देताना दोन शब्दप्रयोग हमखास वापरतात. गुन्हा करणारा ‘नराधम’ असतो, आणि घटना ‘नात्याला काळिमा फासणारी’ असते. बातमी लिहिणाऱ्याच्या मनात चीड असते, हे मला मान्य आहे. पण मूल कोणा नराधमाला ओळखत नसते. ते काकाला ओळखते, बाजारातून येताना गुडदाणी आणणाऱ्या मामाला ओळखते, सायकलच्या नळीवर बसवून नेणाऱ्या आतेभावाला ओळखते. आईबापांच्या डोळ्यांपुढे नराधमाचे जे चित्र असते त्यात हा माणूस बसत नाही, आणि म्हणून मूल खोटे ठरते. ‘काळिमा’ हा शब्दही तसाच दिशाभूल करतो. पांढऱ्याशुभ्र कापडावर क्वचित पडलेला डाग, असे त्यातून सुचवले जाते. प्रत्यक्षात हे क्वचित नाही.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरील अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून तो केलेला होता, आणि त्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्यातल्या ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक अत्याचाराला तोंड दिल्याचे सांगितले. यात अश्लील चित्रे दाखवण्यापासूनचे सर्व प्रकार धरलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण केवळ गंभीर प्रकार वेगळे काढले तरी ते प्रमाण २०.९० टक्के, म्हणजे पाचांत एक, इतके होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा मुलाने ज्यांच्यावर विश्वास ठेवावा असे होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितले नव्हते. मी चौतीस वर्षे शिकवले. माझ्या एकेका वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुले असत. हा अहवाल निवृत्तीनंतर वाचताना मी पाचाने भागाकार केला आणि एकेका वर्षाची हजेरी डोळ्यांपुढे आणून बसले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांतही, लहान मुलांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीतलेच असल्याचे दिसते. त्या ओळखीत शेजारी येतात, लग्नाचे आमिष दाखवणारे येतात, काही ठिकाणी अल्पवयीन मुलीचे प्रेमप्रकरण आणि घरच्यांची तक्रारही येते, त्यामुळे तो सगळा आकडा घरातल्या माणसांचा धरणे चूक होईल. पण घरातल्या माणसाविरुद्ध पोलीस ठाण्याची पायरी किती जण चढतात, हे आपण सगळेच जाणतो. आमच्या घरातले तर गावाच्या चावडीपर्यंतही गेले नाही. जिथे नोंदच होत नाही तिथले प्रमाण नोंदवहीत शोधता येत नाही.

हजेरीतल्या दोन मुलांविषयी मला लिहिलेच पाहिजे. एक मुलगी चौथीत होती. दिवाळीच्या सुट्टीची घोषणा झाली की सगळा वर्ग ओरडत सुटे, आणि ही बाकावर बसून रडे. सुट्टीत तिला एका नातेवाइकाकडे ठेवून तिचे आईबाप ऊसतोडीला जात. तिच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या वळणदार अक्षरात शेरा लिहिला होता, ‘शाळेची विशेष आवड आहे.’ पुढच्या दोन वर्षांत तिचे पोट वारंवार दुखू लागले, वही अर्धी राहू लागली, आणि मग सातवीनंतर तिचे लग्न झाल्याचे कानावर आले. तिच्याबाबतीत नेमके काय होते हे मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढेच सांगू शकते की ती तीन वर्षे माझ्यापुढे रडत होती आणि मी तिला एकदाही, दार लावून, शेजारी बसवून, ‘तुला तिकडे कशाची भीती वाटते?’ असे विचारले नाही.

दुसरा मुलगा होता. तो अचानक मारका झाला, लहान मुलांना कोपऱ्यात गाठू लागला, आणि चौकशी करता करता त्याच्याच घरातल्या एका मोठ्या भावाचे नाव पुढे आले. त्याच्या आईला मी बोलावले. ती वाईट बाई नव्हती, कष्टाळू होती. ती म्हणाली, ‘‘पोराच्या जातीचं काय बिघडतंय बाई, पोरगी असती तर गोष्ट निराळी.’’ २००७ च्याच अभ्यासात, अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच, ५२.९४ टक्के, निघाले होते. अब्रू ही फक्त मुलीच्या अंगात राहते असे एकदा ठरवले की मुलाच्या दुःखाला आपल्या भाषेत राहायला घरच उरत नाही. त्याची मी शाळेपुरती समजूत काढली, मुख्याध्यापकांच्या कानावर घातले, आणि तिथेच थांबले.

आज मी थांबले असते तर तो गुन्हा ठरला असता. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो सारखाच लागू आहे. असा प्रकार कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवलाच पाहिजे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, असे त्यात लिहिलेले आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला संरक्षणही दिलेले आहे. मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे की, रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकविधानाच्या नात्यातल्या माणसाने, किंवा मुलाबरोबर एकाच घरात राहणाऱ्या माणसाने केलेला अत्याचार कायद्याने अधिक गंभीर धरलेला आहे. आपण जिथे ‘घरातलाच आहे, सांभाळून घ्या’ म्हणतो, तिथेच कायदा ‘घरातला आहे, म्हणून शिक्षा जास्त’ म्हणतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, गणवेश न घातलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, न्यायालयात त्याला आरोपीच्या समोर आणू नये, पुन्हा पुन्हा बोलावू नये, इतका विचार त्यात केलेला आहे.

‘‘कपड्यावरूनच तर हात लावला, त्याचं एवढं काय,’’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या बैठकीत ऐकलेले आहे. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जवळपास असाच अर्थ काढला होता, की त्वचेचा त्वचेला स्पर्श झाल्याशिवाय या कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा, मध्ये कापड आहे की नाही ते नव्हे, असे स्पष्ट केले. मुलाला हे कधीच समजावून सांगावे लागत नाही.

तरीही कायदा झाला म्हणजे वाट सोपी झाली, असे मी लिहिणार नाही. आरोपी जेव्हा घरातला कमावता पुरुष असतो तेव्हा तक्रारीनंतर चूल कशी पेटायची, हा प्रश्न आईपुढे दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजनेतून पीडितांना साहाय्य मिळते, जिल्ह्याला बाल कल्याण समिती असते, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. पण खटला चालू असताना आजोबा, आत्या, गावचे पुढारी रोज घरी येऊन बसतात, आणि साक्ष द्यायच्या दिवशी आईच फितूर होते. कधी मुलाच्या सुरक्षिततेसाठी मुलालाच बालगृहात न्यावे लागते, आणि ज्याने केले तो जामिनावर सुटून ओसरीवर बसलेला असतो. घर त्याचे राहते, बाहेर मूल पडते. बोलल्याची शिक्षा आपल्यालाच झाली, असे त्या मुलाला वाटले तर त्याला चुकीचे कसे म्हणावे?

आमच्या भागात या सगळ्याला उसाच्या हंगामाची जोड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कोयती, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसे आणि मुले उरतात. काही मुलांना हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो. बाकीची चुलत्याकडे, मामाकडे, आजीकडे राहतात. बहुतेक ठिकाणी ती मायेने सांभाळली जातात, हेही तितकेच खरे आहे. पण आईबापांच्या मनात धाकधूक असते, आणि मोठ्या होणाऱ्या मुलीला आमच्याकडे ‘जोखीम’ म्हणतात. त्या जोखमीवरचा उपाय म्हणजे लवकर हात पिवळे करणे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांत अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते; परभणीत ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होते. मुलीला कोणी हात लावू नये म्हणून तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षी एका पुरुषाच्या हाती देणे, याला आपण संरक्षण म्हणतो. अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध बलात्कारच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ ला सांगितले. त्या चौथीतल्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा मी आहेर पाठवला होता.

शाळांतून आता ‘गुड टच, बॅड टच’ शिकवतात, आणि ते शिकवले जाते याचे मला मनापासून समाधान आहे. मात्र मुले ते इंग्रजीत पाठ म्हणतात आणि घरी मराठीत जगतात. आपल्या घरांत शरीराच्या त्या भागांसाठी एक तर शिव्यांतले शब्द असतात किंवा नुसते हातवारे. शिवाय बहुतेक तक्त्यांवर वाईट स्पर्श करणारा माणूस मिशाळ, काळ्या चष्म्याचा, अनोळखी दाखवलेला असतो. ज्याच्या मांडीवर मूल वाढले, त्याचे चित्र कोण काढणार? मी आता जिथे बोलावतील तिथल्या पालकसभेत एकच गोष्ट आग्रहाने सांगते: मूल एखाद्या घरी जायला, एखाद्याच्या शेजारी झोपायला, एखाद्याच्या पाया पडायला नको म्हणाले, तर तुमच्या सोयीचा अर्थ लावू नका. ते हट्टी आहे, लाजाळू आहे, आईवेडे आहे, हे सगळे अर्थ बाजूला ठेवून आधी त्याला विचारा, आणि विचारल्यावर गप्प बसून ऐका. सभेतल्या आया खाली बघतात. सभा संपल्यावर बहुधा एखादी थांबते.

माझी आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिला विचारायला मला वर्ष लागले. आधी ती म्हणाली, ‘‘मेल्या माणसाचं आता काय काढायलीस?’’ मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी निवडायला घेतलेली मेथी तशीच पुढ्यात ठेवून ती आपणहून सांगू लागली. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात सासूने तिला सांगितले होते की दिराला पाणी द्यायचे तर तांब्या उंबऱ्यावर ठेवायचा. का, ते सासूने सांगितले नाही आणि हिने विचारले नाही. दोघींनाही त्याची गरज पडली नाही. ‘‘मला ठाऊक होतं का नव्हतं, हे मलाच सांगता येत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘बहिणीची पोर आली त्या दिवशी मी अंथरुणं मोजली होती. पाच होती. सहावीला जागा नव्हती.’’ मग बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘‘माझं अंथरूण मी तिच्या दारात टाकायला पाहिजे होतं. तुझे वडील काय म्हणतील, असं वाटलं.’’

त्यानंतर चार दिवसांनी तिनेच मला मावसबहिणीला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला आणि स्पीकर चालू करून शेजारी बसले. ख्यालीखुशाली झाली, पावसापाण्याचे झाले, गुडघ्यांचे झाले. मग आई म्हणाली, ‘‘त्या साली तू म्हणायचीस, मला खडी फोडायला जाऊ दे. मला कळालं होतं गं.’’

तिकडून काही वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग माझी बहीण म्हणाली, ‘‘मग?’’

आईने फोन माझ्याकडे दिला नाही आणि ठेवलाही नाही. तो दोन्ही हातांत धरून ती तशीच बसली होती, आणि पलीकडूनही फोन कोणी ठेवला नव्हता.